मित्राचा ताम्रपट

जॉन स्लोनच्या आडनावावर रॉबर्ट हेन्राय एक विनोद करत असे, असं सांगतात. ‘स्लो’ या इंग्रजी शब्दाचं भूतकाळवाचक रूप म्हणजे ‘स्लोन’! मित्रांच्या बैठकीत असा विनोद खपून जातो. ज्याच्यावर होतो तोही हसतो. पण हेन्रायच्या तोंडी तो नुसता विनोद नव्हता, ते एक कलाविषयक मतही होतं. चित्र झपाट्यानं काढावं, रंग ओला असतानाच त्यावर रंग चढवावा, पहिल्या नजरेचा आवेग थंड होण्याआधी काम आटपावं, असं हेन्राय आयुष्यभर शिकवत आला. त्या शिकवणुकीत ‘संथ’ हा काही गौरवाचा शब्द नव्हता.

हेन्राय १९२९च्या जुलैत वारला. १९३१ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं त्याच्या चित्रांचं स्मृतिप्रदर्शन भरवलं आणि त्याच वर्षी स्लोननं त्याचं एक मोठं एचिंग केलं. त्याचं नाव ‘रॉबर्ट हेन्राय, पेंटर’. या मुद्राचित्रात एकही झपाट्याची रेघ नाही. गाल, कपाळ, डोळ्यांखालची जागा, सगळं आडव्या-उभ्या-तिरप्या रेघांच्या दाट विणीतून, तसूतसूनं उभं केलेलं. झपाट्याचा पुरस्कार करणाऱ्या माणसाला त्याच्या संथ मित्रानं आपल्या संथ पद्धतीनं अखेरचा निरोप दिला. मात्र अमेरिकन मुद्राचित्रणाच्या इतिहासात या चित्राचा उल्लेख बहुधा ‘शिष्यानं गुरूला वाहिलेली आदरांजली’ एवढाच येतो. ती आदरांजली आहे, यात शंका नाही. पण तिच्यात एक जुना वादही आहे, असं मला वाटतं आणि तो वाद लक्षात न घेता हे चित्र नीट पाहता येत नाही.

आधी नावाबद्दल. स्पेलिंग फ्रेंच ‘आँरी’सारखं असलं तरी हा माणूस स्वतःला ‘हेन्राय’ म्हणवून घेई आणि त्याबाबत आग्रही असे. त्याचं जन्मनाव रॉबर्ट हेन्री कोझॅड. जन्म १८६५, सिनसिनाटी. वडील जॉन कोझॅड जुगारात वाकबगार आणि गावं वसवण्याच्या उद्योगात धाडसी. नेब्रास्कात त्यांनी आपल्याच नावाचं गाव वसवलं. १८८२ साली एका पशुपालकाशी झालेल्या तंट्यात त्यांच्या हातून गोळी सुटली आणि तो माणूस मेला. कुटुंबाला ते गाव सोडावं लागलं आणि आईवडिलांसकट सगळ्यांनी नावं बदलली. मुलानं ‘हेन्री’वरून हे नवं आडनाव घेतलं. ही हकिकत लोकांसमोर आली ती त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी. जन्मभर इतरांचे चेहरे रंगवणाऱ्या या व्यक्तिचित्रकाराचं स्वतःचं नाव हाच एक मुखवटा होता. स्लोनच्या चित्राच्या शीर्षकात ते मुखवट्याचं नाव आहे आणि पुढे एकच शब्द, ‘पेंटर’. त्या शब्दाकडे मी नंतर येतो.

स्लोन हेन्रायपेक्षा सहा वर्षांनी लहान. जन्म १८७१चा, पेनसिल्व्हानियातल्या लॉक हेवनचा, वाढला फिलाडेल्फियात. घरची ओढाताण, त्यामुळे शिक्षण अर्धवट टाकून ‘पोर्टर अँड कोट्स’ या पुस्तकांच्या दुकानात नोकरी धरावी लागली. ही नोकरी त्याची खरी कलाशाळा ठरली. दुकानात मुद्राचित्रं विकायला असत. रेम्ब्रांच्या चित्रांच्या नकला करत त्यानं हात बसवला. एचिंगचं तंत्र तो कुणाकडे शिकला नाही, फिलिप गिल्बर्ट हॅमर्टनच्या ‘द एचर्स हँडबुक’ या पुस्तकावरून त्यानं ते स्वतःच आत्मसात केलं. पुढे तो वृत्तपत्रांत गेला, आधी ‘इन्क्वायरर’ आणि मग ‘प्रेस’. १८९२च्या अखेरीस त्याची हेन्रायशी गाठ पडली. तेव्हा हेन्राय पॅरिस पाहून आलेला, सत्तावीस वर्षांचा, उंच, बोलण्यात मोहिनी असलेला तरुण होता. वॉलनट स्ट्रीटवरच्या त्याच्या स्टुडिओत वृत्तपत्रांतले चित्रकार जमत. ग्लॅकन्स, लक्स, शिन आणि स्लोन. पुढे कचऱ्याच्या पिंपाच्या नावानं, म्हणजे ‘अ‍ॅशकॅन’ या नावानं, ओळखल्या गेलेल्या शहरी वास्तववादी चित्रकारांचा गाभा तो हाच.

या मंडळींबद्दल लिहिताना एक वाक्य हमखास येतं. हे सगळे बातमीदार चित्रकार, आगीच्या, अपघाताच्या जागी धावत जाऊन भराभर रेखाटणारे, म्हणून त्यांच्या चित्रांत वेग आला. ग्लॅकन्स, लक्स आणि शिन यांच्याबाबत ते खरं आहे. स्लोनबाबत नाही. स्लोन घटनास्थळी धावणारा नव्हता. तो टेबलाशी बसून रविवारच्या पुरवणीची सजावट आणि शब्दकोड्यांची चित्रं करी, वळणदार, पोस्टरसारख्या सपाट रेषांत. त्याचा हात मुळातच बैठ्या कामाचा होता. हेन्रायचा विनोद इथूनच जन्मला असणार. आणि एचिंग या माध्यमानं त्याला का धरून ठेवलं, याचंही उत्तर इथेच सापडतं.

एचिंगमध्ये सुईनं तांबं कोरायचं नसतं. गुळगुळीत घासलेल्या पत्र्यावर मेण-डांबराचा पातळ थर चढवतात. सुई फक्त त्या थरातून रेघ ओढते, तांबं उघडं पाडते. खरं कोरीव काम करतं ते आम्ल. पत्रा आम्लात बुडवला की उघड्या रेघा खाल्ल्या जातात. जितका वेळ ठेवाल तितकी रेघ खोल आणि छापल्यावर तितकी काळी. मग थर पुसायचा, पत्र्याला शाई चोळायची, वरची शाई जाळीदार कापडानं पुसून काढायची म्हणजे ती फक्त रेघांच्या चरांत उरते आणि ओलसर कागद वर ठेवून रुळांच्या दाबाखालून काढायचं. कागदावर सगळं उलटं उमटतं, डावं ते उजवं होतं. यातली सुई अतिशय मोकळी चालते, कागदावर पेन चालावं तशी. पण सुई आणि छाप यांच्या मध्ये आम्ल, वेळ आणि उलटापालट इतकं काही असतं की चित्रकाराला आपण काय केलं ते कळायला थांबावंच लागतं. हात मोकळा सोडणारं आणि मनाला मात्र थांबवणारं असं हे माध्यम आहे. ते जणू स्लोनसाठीच घडवलं होतं.

मराठीत ‘ताम्रपट’ म्हटलं की आपल्यापुढे राजानं दिलेलं दान येतं, पिढ्यान्‌पिढ्या टिकावं म्हणून तांब्यावर कोरलेलं. एचिंगचा पत्राही तांब्याचा, पण त्याचा उद्देश उलटा. तो स्वतः टिकण्यासाठी नसतो, कागदांवर उमटत जाण्यासाठी असतो. मित्राचा चेहरा अशा पत्र्यावर काढणं म्हणजे त्याची एकमेव प्रतिमा करून भिंतीवर टांगणं नव्हे. तो शंभर हातांत जाऊ शकतो.

१९०४ साली स्लोन न्यूयॉर्कला आला. त्याच सुमारास पॉल द कॉक या फ्रेंच कादंबरीकाराच्या ग्रंथावलीसाठी तो एचिंग्ज करत होता. ती एकूण ५३ झाली आणि त्यांनी त्याचा हात पक्का केला. मग १९०५-०६मध्ये त्यानं स्वतःसाठी दहा एचिंग्जची मालिका केली, न्यूयॉर्कच्या जगण्यावर. उकाड्याच्या रात्री गच्चीवर झोपलेली कुटुंबं, अंथरुणावरून हात लांबवून दिवा मालवणारी बाई, एका सेंटच्या चलच्चित्रांपाशी गर्दी केलेल्या मुली. १९०६ साली अमेरिकन वॉटर कलर सोसायटीनं या मालिकेला प्रदर्शनासाठी बोलावलं आणि दहापैकी चार चित्रं ‘असभ्य’ म्हणून परत केली. आज ती चित्रं पाहताना त्यांत असभ्य काय होतं ते शोधावं लागतं. गुन्हा बहुधा एवढाच होता की त्यांतली माणसं आपल्याला कुणी पाहतंय हे जाणत नव्हती. स्लोन खिडकीतून शेजाऱ्यांकडे बघत असे, त्याबद्दल त्याला संकोच नव्हता. पण तिथल्या तिथे तो कागद-पेन्सिल घेऊन बसत नसे. बघायचं, मनात ठेवायचं आणि मग पत्र्यावर आठवणीतून काढायचं, ही त्याची रीत. पाहणं आणि काढणं यांच्यामध्ये एक रात्र गेली तरी त्याची हरकत नसे.

या रीतीतून १९०६ साली जे मुद्राचित्र जन्मलं त्याचं नावच ‘मेमरी’, आठवण. हेन्रायची पहिली पत्नी लिंडा १९०५च्या डिसेंबरात वारली. हेन्राय, लिंडा, स्लोन आणि त्याची पत्नी डॉली अशा चौघांच्या संध्याकाळी एकत्र जात. त्यातली एक संध्याकाळ स्लोननं पत्र्यावर घेतली. लिंडा मोठ्यानं वाचते आहे, बाकीचे तिघं ऐकताहेत. चित्रात एवढंच आहे. मृत्यूचं एकही चिन्ह नाही. रिकामी खुर्ची नाही, विझती ज्योत नाही, कुणाच्या डोळ्यांत पाणी नाही. प्रसंग घडताना जितका साधा होता तितकाच साधा राहिला आहे.

हेन्रायचं व्यक्तिचित्र म्हणून या चित्राकडे कुणी फारसं बघत नाही. मला वाटतं, ते बघायला हवं. हेन्राय बोलणारा माणूस होता. त्याचं वक्तृत्व, वर्गातल्या टीका-टिप्पणी, चळवळीतले त्याचे पवित्रे हे सगळं इतकं गाजलं की त्याच्या व्याख्यानांचं आणि सल्ल्यांचं संकलन १९२३ साली ‘द आर्ट स्पिरिट’ नावानं त्याच्या विद्यार्थिनीनं, मार्जरी रायर्सननं, प्रसिद्ध केलं आणि ते आजही वाचलं जातं. अशा माणसाला स्लोननं ऐकताना दाखवलं. त्याच्या घोळक्यातल्या कुणीही दुसऱ्यानं त्याचं चित्र काढलं असतं तर तो बोलत असता, हात हलवत असता, ब्रश उचलत असता. मित्राला त्याच्या कामापासून, त्याच्या प्रसिद्ध रूपापासून बाजूला काढून बघणं हे मैत्रीचंच काम आहे, परक्याला ते जमत नाही. शिवाय चौघांत स्लोन स्वतःही आहे. म्हणजे पाहणारा बाहेर उभा नाही, वर्तुळातच बसलेला आहे. खिडकीतून शेजाऱ्यांना पाहणाऱ्या चित्रकारानं इथे खिडकी मिटली आहे.

आणि रेघ? रेघ घरगुती आहे. दाट जागा दाट, पण कुठेही मिरवणारी नाही. चेहऱ्यांना लागणारा उजेड कोऱ्या कागदाचाच आहे, स्लोननं तो राखून ठेवला आहे. हे कौशल्य रेम्ब्रांकडून आलेलं, पण रेम्ब्रांचा नाट्यमय काळोख त्यानं घेतला नाही. दोन महिन्यांपूर्वी हयात असलेल्या बाईच्या चेहऱ्यावर नाट्य आणायचं नाही, इतकी समज त्याच्या सुईला होती.

आपल्याकडे व्यक्तिचित्र म्हणजे मुख्यतः शब्दांतलं. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना लेखक त्याच्या लकबी, बोलण्याची ढब, एखादा चहा पितानाचा प्रसंग सांगतो आणि मृत्यूविषयी जवळजवळ बोलतच नाही. मराठी वाचक हा प्रकार चांगला ओळखतो, त्यामुळे ‘मेमरी’ त्याला परकं वाटणार नाही. चित्रकलेतली आपली गुरूची व्यक्तिचित्रं मात्र अजून शालीत आणि हारात अडकलेली असतात, ती गोष्ट वेगळी.

‘मेमरी’नंतर सहा वर्षांनी हेन्राय स्लोनच्या पत्र्यावर पुन्हा दिसतो. १९१२चं ‘अ‍ॅनशुट्झ ऑन अ‍ॅनाटमी’. पेनसिल्व्हानिया अकादमीतले जुने शिक्षक थॉमस अ‍ॅनशुट्झ यांनी न्यूयॉर्कला हेन्राय शिकवत असलेल्या शाळेत शरीररचनेवर प्रात्यक्षिकं दिली होती. सांगाड्यावर मातीचे स्नायू थापून ते प्रत्यक्ष शरीराशी ताडून दाखवत. अ‍ॅनशुट्झ १९१२मध्ये गेले आणि स्लोननं तो जुना प्रसंग काढला. पुन्हा मृत्यू आणि पुन्हा आठवण. यात हेन्राय श्रोत्यांच्या गर्दीत आहे, स्वतः शिक्षक असूनही विद्यार्थ्यांमध्ये. चित्र विनोदी अंगाचं आहे आणि त्यावर फार रेंगाळायची गरज नाही. फक्त एवढं नोंदवावं की सहा वर्षांच्या अंतरानं स्लोननं हेन्रायला दुसऱ्यांदा ऐकायला बसवलं.

दरम्यान पुष्कळ काही घडून गेलं होतं. १९०७ साली नॅशनल अकादमीच्या वार्षिक प्रदर्शनात हेन्राय परीक्षक होता. त्याच्या मित्रांची चित्रं नाकारली गेली तेव्हा त्यानं स्वतःची दोन चित्रं मागे घेतली. त्यातून १९०८च्या फेब्रुवारीत मॅकबेथ गॅलरीत आठ जणांचं प्रदर्शन भरलं. त्यामागच्या कारकुनी कष्टाचा मोठा वाटा, छायाचित्रं आणि कॅटलॉगची धावपळ, स्लोनच्या डोक्यावर होता. हेन्राय घोषणा करी, स्लोन पाकिटं बांधी, असं म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण फार नाही. हेन्रायची व्यक्तिचित्रं विकली जात होती, तो नामवंत होता. स्लोन चाळिशी ओलांडेपर्यंत त्याचं तैलचित्र विकलं जाण्याची वाट पाहत होता. १९१३ साली संग्राहक अल्बर्ट बार्न्सनं एक घेतलं. मुद्राचित्रांचं तर विचारूच नका. आवृत्ती शंभर प्रतींची जाहीर करायची आणि मागणीच नसल्यामुळे त्यातल्या बऱ्याच प्रती छापायच्याच नाहीत, असा स्लोनचा व्यवहार होता.

राजकारणातही वाटा फुटल्या. स्लोन समाजवादी पक्षात गेला, निवडणुकीला उभा राहिला, ‘द मासेस’ या मासिकाचा चित्रविभाग त्यानं सांभाळला. हेन्रायचा ओढा अराजकवाद्यांकडे. एमा गोल्डमनच्या वर्तुळातल्या फेरर केंद्रात तो शिकवायला जाई. भांडण असं झालं नाही, पण रोजची बैठक मोडली. तरीही १९१९ साली स्लोन उन्हाळ्यासाठी सांता फेला गेला तो हेन्रायच्याच सांगण्यावरून आणि पुढची तीस वर्षं जात राहिला. हेन्राय मात्र १९२४पासून उन्हाळा आयर्लंडच्या अ‍ॅकिल बेटावर घालवू लागला. तिथली मुलं त्यानं झपाट्यानं रंगवली, एकामागून एक, लाल गाल आणि ओले ब्रशचे फटकारे. ती आकर्षक आहेत. पण वीस एकत्र पाहिली की एकाच मुलाची वीस चित्रं पाहिल्यासारखं वाटतं.

हे वाक्य लिहून मी स्लोनची बाजू घेतली आहे, हे मला कळतं. घ्यायचीच होती. हेन्रायच्या शिकवणुकीतला वेग त्याच्या उत्तम चित्रांत प्राण आहे आणि सामान्य चित्रांत सवय. वेगाची अडचण अशी की तो नवं पाहायला वेळ देत नाही, हाताला जे आधीच येतं तेच पुन्हा येतं. स्लोनला हे जाणवलं असावं, असं त्याच्या कामावरून दिसतं. १९२८-२९च्या सुमारास त्यानं आपली रंगवण्याची रीतच बदलली. आधी टेंपरात घडण करायची, वर पातळ रंगाची झिलई द्यायची आणि शेवटी आकारावर रंगीत रेघांची विण घालायची, एचिंगमध्ये घालतात तशी. समीक्षकांना ते आवडलं नाही. या विणलेल्या नग्नाकृती विकल्या गेल्या नाहीत. पण स्लोन मागे हटला नाही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की डोळ्याला दिसणारा उजेड-सावलीचा झगमगाट म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूला हात लावून कळणारं घनत्व असतं आणि चित्रानं ते सांगावं. हेन्रायच्या ओल्या फटकाऱ्याला दिलेलं हे सरळ उत्तर होतं. ज्या वर्षांत हे उत्तर त्याच्या हाती आलं त्याच वर्षांत हेन्राय गेला.

१९३१चं ‘रॉबर्ट हेन्राय, पेंटर’ त्यामुळे त्या नव्या रीतीत आहे. पत्रा मोठा, उंची सुमारे १४ इंच. ‘मेमरी’ त्यापुढे लहान वाटावं असा. इथे टेबल नाही, सोबत नाही, हेन्राय एकटा आहे. चेहऱ्याच्या उंचवट्यांवरून रेघा अशा वळतात की जणू कुणी मातीवर बोटं फिरवतं आहे. अ‍ॅनशुट्झच्या सांगाड्यावरच्या मातीची आठवण मला इथे होते आणि ती योगायोगानं होते असं मी मानत नाही. अमेरिकन चित्रकलेतली ती परंपरा, आधी हाड मग स्नायू मग कातडी, हेन्रायनं शिकून बाजूला ठेवली होती. स्लोननं हेन्रायचा चेहरा तिच्याच रीतीनं बांधला.

मित्र चित्रकाराचं व्यक्तिचित्र एचिंगमध्ये करण्याचा रिवाज तीनशे वर्षं जुना होता. व्हॅन डाइकनं आपल्या काळातल्या चित्रकारांचे चेहरे स्वतः एच केले, मोजक्या रेघांत, डोकं तेवढं पूर्ण आणि बाकी अंग जवळजवळ कोरं. रेम्ब्रांनं यान आसेलाइन या निसर्गचित्रकाराला उभा केला. त्या पत्र्याच्या पहिल्या अवस्थेत आसेलाइनच्या मागे इझल आणि त्यावर चित्र आहे. पुढच्या अवस्थेत रेम्ब्रांनं ते घासून काढून टाकलं. चित्रकार राहिला, चित्र गेलं. आणि स्लोनच्या तरुणपणी अमेरिकेत गाजत होता तो स्वीडिश आंडेर्स झोर्न, तिरप्या, झोताच्या पावसासारख्या रेघांनी चुटकीसरशी माणूस उभा करणारा. हेन्रायला हेन्रायच्या भाषेत वंदन करायचं असतं तर झोर्नची वाट तयार होती. स्लोनला ती ठाऊक होती. त्यानं ती घेतली नाही, हे माझ्या मते या चित्रातलं सर्वांत महत्त्वाचं विधान आहे.

आता ‘पेंटर’. १९३१पर्यंत हेन्रायचं काय उरलं होतं? त्याच्या मृत्यूनंतर चारच महिन्यांनी न्यूयॉर्कमध्ये म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट सुरू झालं. सेझान, गोगँ, सरा, व्हॅन गॉग यांच्या चित्रांनी. हेन्राय एका फटक्यात जुना झाला. थोर शिक्षक, हे मात्र सगळेच मान्य करत. बेलोज, हॉपर, केंट त्याच्या हाताखालून गेलेले. ‘थोर शिक्षक’ या गौरवात एक वार दडलेला असतो. चित्रकार म्हणून तुमच्याबद्दल काही बोलायचं नाही, असा त्याचा अर्थ होतो. स्लोननं शीर्षकात ‘टीचर’ लिहिलं नाही, ‘पेंटर’ लिहिलं. ज्याच्या चित्रणपद्धतीशी आपण फारकत घेतली आहे त्याला, जग त्याचं हे पद काढून घेत असताना, ते पद लिहून देणं हा मैत्रीचा हिशेब मला ‘मेमरी’तल्या हळवेपणाहून कमी मोठा वाटत नाही. आणि ते पद त्यानं लिहून दिलं तांब्यावर, जिथे एकही रंग नाही.

तरीही चित्र म्हणून तुलना करायची तर माझं मत ‘मेमरी’ला. १९३१च्या चेहऱ्यात घनत्व आहे, अधिकार आहे, पण थोडी म्युझियमची थंडीही आहे. मोठ्या संस्थेनं मान्य केलेल्या माणसाचा तो चेहरा आहे. विणीचा आग्रह काही ठिकाणी इतका होतो की कातडी आणि कोट एकाच सुतानं विणल्यासारखे दिसतात. स्लोनचं तत्त्व तिथे स्लोनच्या डोळ्यावर मात करतं. ‘मेमरी’त तत्त्व नाही. तिथे हेन्राय फक्त एक नवरा आहे, बायको वाचत असताना ऐकणारा आणि आपल्याला माहीत असतं की त्याला ते पुन्हा ऐकू येणार नाही. पण १९०६चा स्लोन १९३१ला उपलब्ध नव्हता. पंचवीस वर्षांच्या मतभेदानंतर पुन्हा तसंच चित्र काढणं हा खोटेपणा झाला असता आणि त्यापेक्षा थोडी थंडी परवडली.

आपल्याकडच्या वाचकांचा एक घोटाळा इथे दूर करावा. मुकुल डे एचिंग शिकले ते ‘स्लोन’ यांच्याकडे, असं वाचायला मिळतं. ते खरं आहे, पण ते स्लोन वेगळे. १९१६ साली रवींद्रनाथांबरोबर जपानमार्गे अमेरिकेला गेलेले डे शिकागोत जेम्स ब्लँडिंग स्लोन यांच्याकडे शिकले. न्यूयॉर्कच्या जॉन स्लोनशी त्यांचा संबंध नाही. परत आल्यावर डे अजिंठ्याला आले, तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या, त्यावर पुस्तक लिहिलं आणि पुढे रवींद्रनाथांपासून गांधीजींपर्यंत अनेकांचे चेहरे काढले. त्यांची रेघ नाजूक, वंदनाची आहे. समोरच्याशी वाद घालणारी नाही. आपल्या मुद्राचित्रणात व्यक्तिचित्राची सुरुवात अशी वंदनापासून झाली, याचे परिणाम शोधण्यासारखे आहेत, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.

जाता जाता देण्याघेण्याची दुसरी बाजू. १९०४ साली, स्लोन न्यूयॉर्कला आला त्या वर्षी, हेन्रायनं त्याचं तैलरंगातलं व्यक्तिचित्र केलं होतं. पार्श्वभूमी गडद, चेहऱ्यावर उजेड, ब्रश हेन्रायच्या रीतीनं न थांबता चाललेला. ते कॉर्कोरन संग्रहातून आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आलं आहे. स्लोनचा चेहरा त्यात तरुण आणि जरा सावध आहे. त्याला त्याचं उत्तर द्यायला सत्तावीस वर्षं लागली.